पारसच्या फियाटचे ब्रेक

रहिमतपूर, जि. सातारा
२८ सप्टेंबर २०२४

गुणमालावहिनींना गुंडा जगदाळेचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमन अंगणात उभा राहून घसा फोडत होता, कारण मला आता काही ऐकू येत नाही. इथल्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं काढली, तिथल्या आवाजानं दोन्ही कान गेले. फोन करून उपयोग नाही, म्हणून लिहायला बसलोय. लिहायची सवय मोडलीय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

खरं सांगतो, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि कार्ड उजेडात नेऊन पुन्हा वाचलं. तुम्ही माझी क्षमा मागता? ‘जाणता-अजाणता घडलेल्या चुकीबद्दल आम्हाला उदार मनाने क्षमा करावी’ असं छापलंय आणि खाली पेनानं लिहिलंय, ‘बाबांची फियाट घरीच दुरुस्त करायला घेतली आहे.’ मला लगेच उमगलं. तुम्ही ब्रेक उघडले असणार आणि तुम्हाला सगळं कळलं असणार.

वहिनी, मी तुमच्यावर कधीच राग धरला नाही. देवाशपथ सांगतो. तुम्ही चांगल्या मनानं केलं होतं. तुम्हाला काय ठाऊक असणार? आता एवढंच करा, हे कुणालाही सांगू नका. सासूबाई असतील अजून, तर त्यांना मुळीच नको. सत्तावीस वर्षांनी उकरून कुणाचं भलं होणार आहे?

गाडी मात्र पुरी करा. बहात्तर सालचं इंजिन आहे, सहजासहजी हार मानणार नाही. माझी काही मदत लागली तर निःसंकोच लिहा. आज मला बऱ्याच वर्षांनी मोकळं वाटतंय.

गुंडा जगदाळे


माधवनगर, सांगली
४ ऑक्टोबर २०२४

गुंडा जगदाळे,

तुमच्या नावाच्या पुढे-मागे आदराचं काही लावायला माझा हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

आधी कार्डाचं सांगते. आमच्यात पर्युषण संपलं की क्षमावणीला ओळखीपाळखीच्या सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे. नातेवाईक, व्यापारी, शेजारी, वर्षभर ज्यांच्याशी तोंडही वाजलं नाही अशांचीसुद्धा. हे होते तेव्हा ‘पारस मगदूम’ या नावानं तुमच्याही गॅरेजवर आमचं कार्ड यायचं, ते तुम्ही बहुधा विसरलात. यंदा पत्ते लिहायचं काम माझ्या मुलीनं, ब्राह्मीनं केलं. तिनं ह्यांच्या जुन्या डायरीतले पत्ते झाडून सगळे उतरवले. त्यात तुमचा गावचा पत्ता होता. गाडीची ओळही तिनंच सगळ्या कार्डांवर लिहिली, उत्साहात. तर हे कार्ड तुम्हाला चुकून आलेलं आहे. मी तुमची क्षमा मागितलेली नाही.

आणि तुम्ही मला क्षमा करता? तुम्ही? पत्र वाचून मी अर्धा तास पायरीवरच बसून राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठले नाही.

ऑगस्ट सत्त्याण्णव विसरलात का? तुम्ही आमच्या फियाटचे ब्रेक केलेत, नवी लायनिंग घातलीत. आठ दिवसांनी हे पाचगणीहून एकटे परत येत होते. पसरणीच्या घाटात ब्रेक लागले नाहीत, गाडी दरडीवर आदळली आणि हे गेले. ब्राह्मी दोन वर्षांची होती. सगळं माधवनगर म्हणालं, गुंड्यानं ब्रेक नीट केलं न्हाईत. तुम्हीही आमच्या दारात येऊन, मान खाली घालून म्हणालात, “व्हय, माझ्याच हातनं झालं.” मग गॅरेजला कुलूप लावून गेलात ते गेलातच. सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. सकाळी णमोकार मंत्र म्हणून झाला की पहिला उद्धार तुमचाच होतो.

असं असताना ‘तुम्ही चांगल्या मनानं केलं होतं’ याचा अर्थ काय? मी काय केलं होतं? मला सरळ उत्तर हवंय.

ब्रेक मी अजून उघडलेलेही नाहीत. गाडी इतकी वर्षं हळदीच्या गोदामात ताडपत्रीखाली होती. सासूबाईंनी ती भंगारात घालू दिली नाही. हे गेल्यावर मी कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागले, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि या वर्षी पाने हातात घेतले. आधी चेपलेला डावा मडगार्ड ठोकून घेतला, मग इंजिनाचं हेड उघडलं. शेजारच्या सुलाबाई रोज येऊन कपाळाला हात लावतात. “आवं बाई, ह्या वयात गाडीखाली झोपताय, लोकं काय म्हणतील?” लोक गेली सत्तावीस वर्षं काही ना काही म्हणतायत, मी त्यांचं ऐकायचं सोडून दिलंय. मला ही गाडी एकदा माझ्या हातानं रस्त्यावर आणायची आहे. ह्यांची एवढी एकच वस्तू मोडलेल्या अवस्थेत उरली आहे.

उत्तराची वाट बघते.

गुणमाला मगदूम


रहिमतपूर
१२ ऑक्टोबर २०२४

गुणमालावहिनी,

तुमचं पत्र वाचून माझी मलाच लाज वाटली. मी कार्डाचा भलताच अर्थ लावला. वय झालं, डोकं चालत नाही. तुम्ही काहीही केलेलं नव्हतं. मी लिहिलं ते सगळं खोडून टाका आणि ते पत्र चुलीत घाला.

सासूबाई बोलतात ते बरोबरच बोलतात. त्यांना बोलू द्या.

गाडीबद्दल मात्र ऐका, कारण तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. डायनामो काढून अल्टरनेटर घाला, म्हणजे बॅटरीचं रडगाणं संपेल. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. हेडलाइटला रिले टाका, नाहीतर स्विच जळेल. टाकी पूर्ण उतरवून आतून साफ करा. कार्बोरेटर जुनाच ठेवा, तो चांगला आहे, नवे त्याच्यापुढे काही नाहीत. बाहेरून जशी होती तशीच दिसू द्या, तो फिकट पिस्ता रंग पारसशेठनी हौसेनं मारून घेतला होता.

आणि ब्रेक. जुन्याला हात लावू नका. सिलिंडर, पाइप, झाडून सगळं न उघडता काढा आणि फेकून द्या. पुढच्या चाकांना डिस्क बसवून घ्या, नवा मास्टर सिलिंडर घ्या. जुनं उघडत बसू नका, त्यात बघण्यासारखं काहीही नाही. तेवढं माझं ऐका.

गुंडा


माधवनगर
१५ डिसेंबर २०२४

गुंडा जगदाळे,

दोन महिने लिहिलं नाही, कारण हात सतत ग्रीसमध्ये होते.

आधी चांगलं सांगते. गेल्या रविवारी इंजिन लागलं! तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, अल्टरनेटर, इग्निशन, रिले. टाकीतून दोन वाट्या गंज निघाला. चौथ्या झटक्याला गाडी अशी काही गरजली, की सुलाबाई “आगं आई गं” म्हणत चप्पल टाकून पळाल्या. धुरानं गोदाम भरलं, मी खोकत खोकत हसत होते. तुमचा सल्ला चांगला होता, हे कबूल करते. इथवरच.

आता दुसरं. ‘त्यात बघण्यासारखं काहीही नाही’ असं कुणी बजावून सांगितलं, की माझ्यासारखी बाई ते उघडून बघणारच. काल मी जुना मास्टर सिलिंडर, पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलतो तो, उघडला. आतले रबर रात्रभर भिजवलेल्या वालासारखे फुगलेले. बोटानं दाबले तर लिबलिबीत झाले. मी ते पुडीत बांधून सांगलीला जयराजकडे नेले. जयराज म्हणजे स्पेअर पार्टवाला, तीस वर्षं तोच धंदा करतोय. त्यानं बघताक्षणी सांगितलं, “मावशी, ह्यात ब्रेक ऑइल न्हाई. कुणीतरी इंजिन ऑइल वतलंय. त्यानं रबर फुगत्यात, मग ब्रेक आधी धरून बसत्यात, तापत्यात आणि उतारावर दगा देत्यात.”

माझा विश्वास बसेना. घरी येऊन त्या सिलिंडरवरच्या तेलाच्या बाटलीच्या तळाशी साचलेला चिकटा काढला आणि त्याचा थेंब काचेच्या ग्लासात पाण्यावर सोडला. शेजारी दुसऱ्या ग्लासात नव्या ब्रेक ऑइलचा थेंब. नवा थेंब पाण्यात मिसळून गेला. जुना वर तरंगत राहिला. लॅबमध्ये हजारो वेळा असले प्रयोग मांडून दिले असतील, हा मात्र तीनदा करून बघितला.

म्हणजे नुसतं काम कच्चं राहिलं असं नव्हतंच. तुम्ही, गाड्या करण्यात हयात घालवलेल्या माणसानं, माझ्या नवऱ्याच्या ब्रेकमध्ये इंजिन ऑइल ओतलंत. आणि म्हणून तुम्हाला ते न उघडता फेकून हवं होतं! तुमच्यात थोडी जरी लाज असेल तर एकदा खरं लिहा.

गुणमाला मगदूम


रहिमतपूर
२१ डिसेंबर २०२४

वहिनी,

होय. मीच ओतलं. घाईत डबा चुकला. खरं लिहा म्हणालात म्हणून लिहिलं.

आता यावर विचार करू नका. डिस्क बसवा, गाडी चालवा, सुखात राहा.

गुंडा


माधवनगर
३ जानेवारी २०२५

गुंडाभाऊ,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फाडली.

तुमची कबुली मिळाली तेव्हा मला समाधान वाटलं होतं. सासूबाईंना वाचूनही दाखवली. मग कामाला लागले. नव्या डिस्क आल्या होत्या, सिलिंडर आला होता. काल सकाळी तेल भरायला बसले. ब्रेक ऑइलचा डबा आदल्या संध्याकाळी फोडून ठेवला होता, झाकण नीट लागलं नव्हतं. बघते तर आत दोन मुंग्या पडलेल्या.

आमच्या घरात जीव पडलेली वस्तू वापरत नाहीत. लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे, त्याला विचार करावा लागत नाही. मी डबा बाजूला सारला, त्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि माझा हात आपोआप शेजारच्या दुसऱ्या डब्याकडे गेला. तो इंजिन ऑइलचा होता. हात डब्यावरच थांबला.

मी हे आधी केलेलं आहे. भाऊ, मी अगदी हेच केलेलं आहे.

हे पाचगणीला गेले त्याच्या दोन दिवस आधी. तुम्हीच मला बॉनेट उघडून दाखवलं होतं, पाणी इथं बघायचं, तेल इथं, ब्रेकचं इथं. मी हौसेनं रोज बघायची. त्या दिवशी ब्रेकच्या बाटलीत तेल थोडं कमी होतं. डबा उघडला तर त्यात मुंग्या. मी फडकं बांधून तो ठेवून दिला आणि दुसरा, नवा, बंद डबा फोडला. मला वाटलं, तेल ते तेल. उलट हे जास्त स्वच्छ. ह्यांना सांगितलंसुद्धा, तेव्हा हे हसले होते. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या मनात एकदाही आली नाही, कारण तुम्ही दारात येऊन सांगितलं होतंत आणि मला दुसरं काही शोधायची गरजच उरली नव्हती.

मी मारलं त्यांना. मुंग्यांचा जीव बघितला आणि त्यांना मारलं. लिहितानासुद्धा हे खरं वाटत नाही. जेवण जात नाही, गोदामाकडे बघवत नाही. तुमचं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुमचं गॅरेज गेलं, नाव गेलं, इथल्या लोकांनी तुम्हाला काय काय म्हटलं, आणि मी तर त्यांच्याही पुढे जाऊन बोलले. का केलंत असं? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तुमची क्षमा मागायलाही मला तोंड नाही.

भंगारवाल्याला पंधरा तारखेला बोलावलंय. गाडी जाऊ दे.

गुणमाला


रहिमतपूर
९ जानेवारी २०२५

वहिनी,

भंगारवाल्याला परत पाठवा. हे पत्र पोचायच्या आत त्यानं गाडी नेली असेल तर त्याच्या दारात जाऊन परत आणा. मी आजपर्यंत तुम्हाला कशाचा आग्रह केला नाही, आता करतोय.

तुम्ही ‘का’ विचारलंत. सगळं सांगतो.

पाचगणीला निघाले त्या दिवशी सकाळी पारसशेठ हवा भरायला माझ्याकडे थांबले होते. मी एका जीपखाली झोपून काम करत होतो. ते वाकून म्हणाले, “गुंड्या, तुझं काम गेलं बघ आता. आमची मंडळी ब्रेकचं तेलबी सवता भरती.” लय खुशीत होते. मी खालूनच म्हणालो, “शाब्बास वैनीची!” आणि नट आवळत राहिलो. उठलो नाही. मीच आठ दिवसांपूर्वी तो ब्रेक केलेला, तेल कमी का झालं, कुठलं भरलं, हे माझ्या मनात यायला हवं होतं. बॉनेट उचलून झाकण काढायला एक मिनिट लागलं असतं. तेवढ्यात ते गेले.

वाईला पोलिसांनी गाडी ठेवली होती, तिथं मी बाटलीत बोट घातलं. वासावरनंच कळलं. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो तर पडवीत दोन डबे शेजारी शेजारी, एकाला फडकं बांधलेलं. मी समजून चुकलो. तुमच्यात वावरलोय, मुंगीसुद्धा कशी उचलून बाहेर ठेवता ते बघितलंय. तुम्ही कोपऱ्यात पोर मांडीवर घेऊन बसला होता. सासूबाई ऊर बडवून म्हणत होत्या, “हिचा पायगुणच वाईट, हिनंच खाल्लं माझ्या पोराला.” आणि मी त्यात हे सांगायचं? तुम्हाला त्या घरात ठेवलं नसतं. ठेवलं असतं तरी तुम्ही जगला नसता, विहीर जवळ केली असती. पोरीचं काय झालं असतं?

म्हणून बोललो. आणि खोटं नाही बोललो. “माझ्याच हातनं झालं,” म्हणालो, ते मला आजही खरं वाटतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं, आणि मी जीपखालून उठलो नाही. मला शिक्षा हवीच होती, ती लोकांनी आयती दिली. माझ्यावर उपकाराचं ओझं टाकू नका. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा वाटलं होतं की एक तरी माणूस आता माझ्याबरोबर हे जाणतो, म्हणून मोकळा झालो. तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

घरात सांगू नका. गाडी पुरी करा.

गुंडा


माधवनगर
१७ फेब्रुवारी २०२५

गुंडाभाऊ, जयजिनेंद्र.

भंगारवाला आला तसा परत गेला. पण तुमचं दुसरं म्हणणं मी ऐकलेलं नाही. मी घरात सांगितलं.

आधी सासूबाईंना. त्यांच्या खाटेशी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, तुमची पत्रं वाचून दाखवली. मला वाटलं होतं मारतील, किंचाळतील. त्यांनी नुसतं भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. माझ्या हातचं जेवतात, ताट सरकवतात, बोलत नाहीत. मग ब्राह्मीला सांगितलं. तिनं बॅग उचलली आणि त्याच संध्याकाळी पुण्याला तिच्या खोलीवर गेली. फोन नाही, मेसेज नाही. मला दोघींचाही राग आला नाही. बाप आणि मुलगा गेलेल्यांना मी आणखी काय समजावणार होते?

गाडीचं सगळं काम झालं होतं, ब्रेकचं तेल भरणं सोडून. तेवढ्याला माझा हात उचलेना. तीन आठवडे ती कोरडीच उभी होती. रोज सकाळी झाकण काढायची, परत लावायची.

गेल्या शनिवारी सकाळी गोदामाचं दार वाजलं. ब्राह्मी. आधी फोन नाही, काही नाही. सरळ आत आली, नवा डबा घेतला, त्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचलं आणि स्वतः बाटलीत तेल भरलं. मग सीटवर बसून म्हणाली, “आई, पेडल मी मारते. तू खाली जा आणि नळ्यांतली हवा काढ.” ते काम एकट्यानं होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. चार चाकं झाली. दाब, धर, सोड, एवढंच आम्ही दोघी बोललो. शेवटच्या चाकापाशी माझ्या डोळ्यांतून इतकं पाणी येत होतं, की पाना दिसेना.

मग तिनं गाडी चालू केली. मी समोर आडवी गेले. म्हटलं, “आधी मी चालवते. काही व्हायचं असेल तर मला होऊ दे.” ती म्हणाली, “ब्रेक तूच बसवलेत ना? मग बाजूला हो.”

एकटी गेली. बुधगावपर्यंत. मी रस्त्यावर उभी होते, सुलाबाई माझा दंड धरून उभ्या होत्या. वीस-बावीस मिनिटांनी पिस्ता रंग वळणावर दिसला. दारासमोर येऊन तिनं ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी इतक्या मोठ्यानं रडले, की गल्लीतली सगळी दारं उघडली. मग तिथंच सगळ्यांना सांगितलं, की गुंडा जगदाळेचा काही दोष नव्हता, ते तेल मी घातलं होतं. एकेक जण आत गेला.

गलका ऐकून सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या होत्या. गाडीला हात लावून बघितला. माझ्याशी नाही, ब्राह्मीशी बोलल्या. “त्या गुंड्याला सत्तावीस वर्सं शिव्या घातल्या मी. मला त्याच्याकडं घिऊन चल.”

तर भाऊ, येत्या रविवारी आम्ही तिघी रहिमतपूरला येतोय. ब्राह्मी चालवेल. तुम्ही नको म्हणालात तरी येणार आहोत, त्यामुळे उत्तर पाठवायच्या भानगडीत पडू नका. बॉनेट उघडून सगळं तपासायचं आहे आणि या वेळी उठून यायचं.

सासूबाई माझ्याशी कधी बोलतील का, मला ठाऊक नाही. त्या नाही बोलल्या तरी मी तक्रार करणार नाही. काल सरावासाठी त्यांना कृष्णेच्या घाटापर्यंत फिरवून आणलं. मागच्या सीटला आम्ही नवे पट्टे बसवलेत, ते त्यांना लावता येईनात. ब्राह्मी मदतीला वाकली तर तिचा हात त्यांनी बाजूला सारला. मग माझ्याकडे न बघता, दोन्ही हात थोडे वर धरून, मी पट्टा बांधेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

तुमची,
गुणमाला